पाण्याचं वावडं असलेली घागर

जळगाव, गुरुवार

तीर्थरूप ईश्वरभाऊ यांना धाकट्या उषाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं असताना तुम्ही टाकीत पाणी किती आलं ते बघायला रोज गच्चीवर जाता, हे मला मेघाकडून कळतं. तेव्हा "बरा आहे" असं कळवू नका. साखर तपासली का? धुळ्याला तुमच्या देवपुरात हल्ली पाणी किती दिवसांनी सोडतात? इथे उन्हाने कहर केला आहे. दुपारी रस्त्यावर रिक्षा दिसली तर माणसं ओळखीची असल्यासारखी तिच्याकडे बघतात. आमचे हे (म्हणजे तुमचे एकुलते एक मेहुणे लीलाधरराव) दिवसभर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतात आणि पंचा वाळला की मला हाक मारतात, जसा काही तो मीच वाळवला. बाकी आम्ही खुशाल आहोत. माझी तब्येत तर तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप ऐकल्यापासून फारच सुधारली आहे, कारण राग आला की माझं रक्त नीट फिरतं.

तो निरोप मी दोनदा ऐकला. एकदा माझ्यासाठी आणि एकदा ह्यांच्यासाठी, कारण ह्यांना वाटलं मी त्यात पदरचं घालून सांगते आहे. "माफी मांग नि मोकळी व्हय. बठ्ठा गावमा बोंब व्हई गयी. पोरनी नोकरी जाई, तव्हय समजी तुले." बास. ना नमस्कार, ना चौकशी, ना "उषा, नेमकं झालं काय?" एरंडोलला असताना मांजराने दूध सांडलं तरी तुम्ही आधी मलाच हाक मारायचात, ती सवय अजून गेलेली नाही. मी फोन करून सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो भाऊ" म्हणते, हे इतकी वर्षं चालत आलं आहे. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तर आधी मुद्दा सांगते, मग हकिकत. मी माफी मागणार नाही. मेघाची संग्रहालयातली सहा महिन्यांची कच्ची नोकरी ह्या महिन्यात संपते, तिला पक्की करायची की घरी पाठवायची ते तिथल्या संचालिका हेमलता मॅडम शनिवारी ठरवणार आहेत, आणि आत्याने लेखी माफी दिली नाही तर भाचीचं काही खरं नाही असं त्यांनी मेघाला गोड शब्दांत सांगितलं आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. ती पोर तुमची आहे तशी माझीही आहे. तिचं पोट त्या नोकरीवर आहेच, पण पोटापेक्षा जीव जास्त आहे. कोपऱ्यातल्या खुरपीबद्दल बोलायला लागली तरी तिचे डोळे चमकतात. तिची नोकरी जावी असं मला वाटेल का? पण म्हणून जे चुकलं नाही ते चुकलं असं मी लिहून द्यायचं, हे मला मान्य नाही. आता सगळं ऐका आणि मग सांगा कोणाचं चुकलं.

आखाजीच्या (त्यांच्या भाषेत अक्षय्य तृतीयेच्या) दिवसाचा मुहूर्त साधून त्या लोकांनी प्रदर्शन उघडलं. मुहूर्त चांगला हो, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्या दिवशी खानदेशातल्या कुठल्याही घरातली लेक माहेरी असते हे मुहूर्त काढणाऱ्याला कोणी सांगितलं नाही वाटतं. मेघाला सुट्टी मिळाली नाही. मलाही कुठे जायचं नव्हतं, कारण तुम्ही आठ दिवस आधीच कळवलं होतं की यंदा आपल्याकडे आखाजी नाही, घागर नाही, कोणी येऊ नका. त्यावर मी काही बोलणार नाही. (असं म्हणून मी पुढे बोलणार आहे, पण तो मुद्दा त्याच्या जागी येईल.) माहेर बंद असलेल्या बाईने आखाजीला जायचं कुठे? मेघाने दोन पास पाठवले होते. ह्यांनी विचारलं, "तिथे पंखा आहे का?" मी म्हटलं, एसी आहे. ह्यांनी लगेच धुतलेला सदरा मागितला. कलेची ओढ माणसाला कशी लागेल ते सांगता येत नाही.

संग्रहालय गावाबाहेर आहे. आत पाऊल टाकलं आणि ह्यांनी असा श्वास सोडला की समोरचा माणूस वळून बघायला लागला. दारातच भिंतभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "वस्तू आणि वापर". त्याच्याखाली जरा लहान अक्षरांत, "इथली प्रत्येक वस्तू कशासाठी तरी घडवलेली आहे. तिला विचारा, तू कशासाठी?" आणि त्याच्याही खाली, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत, "वस्तूंना हात लावू नये." आता वस्तूला हात न लावता कसं विचारायचं? आपण भाजीवाल्याकडे वांगं घेतो तेही दाबून बघतो. मेघा दारात पाहुण्यांना गुलाबाची फुलं देत उभी होती. साडी नेसली होती, गळ्यात ओळखपत्र. मला म्हणाली, "आत्या, फक्त बघायचं बरं का." मी म्हटलं, बघायलाच आले आहे. तेव्हा माझं मन अगदी स्वच्छ होतं, हे लक्षात ठेवा.

वस्तू बऱ्या होत्या. मी उगाच नावं ठेवणाऱ्यांतली नाही. एक पितळी तांब्या होता, इतका साधा आणि इतका सुरेख की मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. एक विळी होती, आपल्याकडे असते तशीच, पण काचेच्या पेटीत आणि वरून दिवा सोडलेला. आपली आई ज्या विळीवर आयुष्यभर बसली तिला असा दिवा कधी मिळाला नाही, म्हणून मी त्या विळीला मनातल्या मनात नमस्कार केला. एक किटली होती, तिची मूठ तोटीच्याच बाजूला. तिच्यातून चहा ओतणाऱ्याचा हात भाजल्याशिवाय राहायचा नाही. मी ह्यांना म्हटलं, ही पाहुण्यांनी लवकर जावं म्हणून केलेली दिसते. शेजारची एक बाई हसली, मग तिला आठवलं की इथे हसायचं नसतं आणि ती पुढे गेली. एक चमचा होता, त्याला इतकी भोकं की आमटी घेतली तर फक्त मोहरी हाती लागेल. त्याच्याखालचं कार्ड वाचलं तर तो चहाची पत्ती उचलायचा चमचा निघाला. इथे मी चूक कबूल करते. जिथे चुकते तिथे मी कबूल करते, हेही लक्षात ठेवा.

मग ती खुर्ची. तीन पाय, पाठ वाकडी, बैठक पुढे झुकलेली. मी मनात म्हटलं, ही खुर्ची नव्हे, ही कोणाला तरी शिक्षा. पण भिंतीवर तर लिहिलं होतं की विचारा, तू कशासाठी? तोवर माझे पाय सुजले होते, आणि आपले पाय सुजले की खुर्चीला विचारायचे फार प्रकार नसतात. मी बसले. भाऊ, काय सांगू! जिने कोणी ती खुर्ची केली त्या बाईचं (कार्डावर बाईचं नाव होतं) देव भलं करो. पाठीचा जो कणा रोज संध्याकाळी मला शिव्या देतो तो गप्प झाला. एसीची झुळूक, वरून मंद उजेड, समोर कोणी नाही. मला डोळा लागला. मी घोरत होते असं नंतर सांगण्यात आलं, पण त्याला पुरावा नाही.

"मावशी, ओ मावशी! उठा. ही बसायची खुर्ची नाय."

समोर पहारेकरी. ठाकऱ्या त्याचं नाव, सातपुड्याच्या पायथ्याचा, चाळिशीचा माणूस, स्वभावाने गरीब. मी विचारलं, "मग कशाची आहे?"

"बघायची."

"तू कधी बसला का हिच्यावर?"

"मी बसलो तर मला काढतील ना, मावशी."

"मग एकदा काढायच्या आधी बस. फार छान आहे."

तो इतका घाबरला की मला उठवायचं सोडून आपल्या साहेबाला सांगायला निघून गेला. मी उठले हो, आपण होऊन उठले. पण ह्या प्रकाराचा खरा धक्का बसला तो ह्यांना. "बसायची खुर्ची नाय" हे ऐकल्यापासून ह्यांनी त्या इमारतीत कशालाही हात लावायचा नाही असं ठरवलं. दालनात पाहुण्यांसाठी चांगला लांब बाक होता, त्याच्यावर दोन शाळकरी मुली बसून मोबाईल बघत होत्या, तरी हे उभे. पाण्याचा कूलर दिसला, तहान लागलेली, तरी प्यायले नाहीत. म्हणे, "त्याच्याखाली कार्ड नाही, पण आज लावायचं राहिलं असेल तर?" मोरीत गेले आणि हात न धुताच परत आले, कारण बेसिनचा नळ फारच देखणा होता. एका माणसाला कलेने इतकं घाबरवून सोडलं, त्याची माफी कोण मागणार? ते मात्र कोणी विचारत नाही.

आता ती घागर.

आतल्या दालनात, कोपऱ्यातल्या खांबाआड, पांढऱ्या चौथऱ्यावर ती होती. गेरूच्या रंगाची, पोट भरदार, तिच्या तोंडावर लहान मडकं, आणि पायाशी मातीचाच एक गोळा, थेट डांगरासारखा. भाऊ, आपल्या ओट्यावर बाबा मांडायचे, तशीच. हळद-कुंकू नाही, आंबे नाहीत, सांजोरी नाही, एवढाच फरक. मी वरच्या मडक्यात डोकावले. थेंब नाही. आखाजीचा दिवस, दुपार कलायला आलेली, आणि कोणाच्या तरी नावाने मांडलेली घागर कोरडी ठणठणीत. तुम्हीच सांगा, आपल्यातल्या कोणाच्या डोळ्यांना हे बघवलं असतं? पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात एक मडकं दिसलं असतं. मला त्यात तहानलेलं माणूस दिसलं.

आणि इथे तो मुद्दा येतो. जमनावहिनी श्रावणात गेल्या. वर्षात माणूस गेलं की येणाऱ्या आखाजीला त्याची घागर भरायची असते, हे तुम्हाला मी सांगायचं का? बाबांची तुम्ही भरलीत, आईची भरलीत, शेजारच्या लोटनआबांना कोणी नव्हतं तर त्यांचीही तुम्हीच भरलीत. आणि वहिनींच्या वेळी म्हणालात, यंदा काही नाही. का नाही, ते कोणी विचारायचं नाही, कारण वहिनींचं नाव काढलं की तुम्ही टाकीत पाणी बघायला गच्चीवर जाता. (गुडघा त्याने दुखतो आहे, भाऊ. डॉक्टर बदलून उपयोग नाही.) देवपूरच्या घरात नऊ महिने ते नाव कोणी उच्चारलेलं नाही. भिंतीवर फोटो आहे, त्याला हार आहे, आणि त्याच्याखाली बसून बाप-लेक मेथीच्या भाजीचा भाव बोलतात.

तर मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, वहिनींचं नाव घेतलं आणि वरच्या मडक्यात ओतलं.

पुढे जे झालं ते माझ्या कल्पनेबाहेरचं होतं. आधी मडक्याचा रंग गडद झाला. मला बरं वाटलं, नवं मडकं पाणी पितंच. मग मडकं जरा खाली बसलं, जेवण झाल्यावर ह्यांची मान जशी एका बाजूला जाते ना, तसं. मग ते घागरीच्या आत उतरलं, घागरीचं पोट सुटलं, आणि पांढऱ्या चौथऱ्यावरून तांबडा गाळ संथपणे खाली यायला लागला, आमच्या मोरीचा पाइप तुंबतो तेव्हा येतो तसा. डांगर तेवढं शेवटपर्यंत टिकून होतं. मी आतापर्यंत गळकी घागर बघितली, तडकलेली बघितली, चोरीला गेलेली बघितली. पाण्याने विरघळणारी घागर मी पहिल्यांदा बघितली.

मग सगळे धावले. ठाकऱ्या आला, त्याचा साहेब आला, कोणीतरी पोतेरं आणलं, कोणीतरी ओरडलं की पुसू नका, फोटो काढायचे आहेत. मेघा एका बाजूला पांढरीफटक उभी. हेमलता मॅडम आल्या. बाई चांगल्या आहेत, शिकलेल्या आहेत, आवाज चढवत नाहीत, आणि तेच फार जड जातं. आमचं बोलणं झालं ते असं.

"आजी, हे तुम्ही काय केलंत?"

"घागर भरली."

"ती वापरायची नव्हती हो!"

"मग भिंतीवर एवढं मोठं 'वापर' कशाला लिहिलंय?"

"तो विषय आहे. सूचना नाही!"

मग त्यांनी मला कार्ड दाखवलं. ते खांबाच्या पलीकडच्या बाजूला लावलेलं. "घट. न भाजलेली माती. ही घागर पाणी साठवण्याचं काम नाकारते." नाकारते! मी मॅडमना म्हटलं, अहो, काम नाकारणारी माणसं मी घरात रोज बघते (हे तेव्हा बाकाशेजारी उभे होते), पण ती निदान विरघळत तरी नाहीत. मॅडम म्हणाल्या की त्या कलावंताला हेच दाखवायचं होतं, वस्तूकडून तिचं काम काढून घेतलं की नुसतं रूप उरतं, आणि ते रूप आपल्याला प्रश्न विचारतं. मी म्हटलं, त्याला विचारायचं ते त्याने दुसरं काहीही करून विचारावं. त्याने बिनबुडाचं भांडं करावं, बिनपात्याची विळी करावी, कोण अडवतं? पण आखाजीची घागर मांडायची आणि तिने पाणी नाकारायचं, हे आमच्याकडे चालत नाही. त्या घागरीशी कोणाचं तरी मेलेलं माणूस उभं असतं. मॅडमनी विचारलं, "डांगर म्हणजे भोपळा ना?" मी म्हटलं, खरबूज. त्यांनी ते लिहून घेतलं. एवढ्या गडबडीत त्यांनी ते लिहून घेतलं, त्यामुळे मला त्यांचा राग धरता येत नाही. हीच माझी पंचाईत आहे.

कलावंत बडोद्याला असतो. त्याला कळवलं आहे, आणि त्याच्याकडे पाठवायला मॅडमना माझी लेखी माफी हवी आहे. मजकूर त्यांनीच तयार करून मेघाबरोबर पाठवला. "माझ्या हातून अनवधानाने कलाकृतीची हानी झाली, याचा मला खेद वाटतो." ह्यांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय की. सही कर." ह्यांना काय, वीजबिलावर लिहिलेलंही चांगलं वाटतं. पण भाऊ, त्यात एक शब्द तरी खरा आहे का? अनवधानाने? त्या दिवशी त्या इमारतीत जितकी माणसं होती त्यांच्यात अवधान होतं ते एकाच ठिकाणी, त्या घागरीपाशी. बाकी सगळे सेल्फी काढत होते. आणि खेद कसला? वहिनी तहानलेल्या राहिल्या असत्या तर खेद वाटला असता. घागर कशासाठी, असं भिंतीने विचारलं. त्या दालनात त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते एकदाच, आणि ते दिल्याची माफी मागायची?

तेव्हा तुमचा हुकूम मला मान्य नाही. मोठे भाऊ म्हणून तुमच्या पाया पडते, पण सही करणार नाही. शनिवारी काय व्हायचं ते होवो. तुम्ही रागावून बोलणं टाकलंत तर टाका. तुमचे निरोप तसेही बोलण्यासारखे नसतात. मेघाला दोष देऊ नका. तिने मला आधीच सांगितलं होतं, फक्त बघायचं. जे झालं ते माझ्या बाटलीतल्या पाण्याने झालं आणि त्याला मीच जबाबदार आहे. हे पत्र जपून ठेवा, कोणी विचारलं तर दाखवा.

गुडघ्याला तिळाचं तेल चोळा. ह्यांचा नमस्कार. ह्यांनी आताच पंचा पुढे केला आहे, तेव्हा थांबते.

तुमची,
उषा

ता. क. ही पुरवणी मी मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहिते आहे. वाचून झाली की फाडून टाका. पत्र ठेवायचं ते वरचं.

तर, माफीपत्र मी कालच देऊन आले. मॅडमच्याच मजकुरावर, एक काना-मात्रा न बदलता, सही करून. त्यांनी चहा दिला (साध्या किटलीतून), आणि मेघाला पक्की केल्याचं पत्र शनिवारची वाट न बघता आज सकाळी तिच्या हातात पडलं. नोकरी राहिली. तुम्ही शांत झोपा. वर जे मी चार पानं लिहिलं आहे त्यातलं मात्र काहीही मागे घेतलेलं नाही. तुम्ही मला विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं की सही करते आहे. तुम्ही हुकूम सोडलात, म्हणून चार पानं.

ता. क. दुसरी. माफी कशी काय दिली, असं तुमच्या मनात येईल. सोपं आहे. पाणी मी ओतलंच नव्हतं. मी ओतलं असतं तर मरेपर्यंत माफी मागितली नसती. न केलेल्या गोष्टीची माफी मागायला मला काही जड जात नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, सवय आहे.

ठाकऱ्या माझी तक्रार सांगायला गेला होता. पिशवी खांबाशी ठेवून मी ह्यांना शोधायला मोरीकडे गेले होते. परत आले तर मेघा त्या चौथऱ्यापाशी उभी. गळ्यातलं ओळखपत्र तिने पाठीमागे टाकलं होतं, पदर खांद्यावरून घेतला होता, आणि हातात माझी बाटली, उलटी धरलेली. भाऊ, ती घागर तिनेच खोक्यातून काढून तिथे मांडलेली. ते कार्ड तिनेच लिहिलेलं. ती कच्ची आहे, पाणी लागलं की जाईल, हे त्या इमारतीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी बाटलीतला शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने हात हलवला नाही. मी जवळ गेले तेव्हा ती "आई" म्हणत नव्हती, पूर्ण नाव घेत होती, पाणी घालताना घेतात तसं: जमना ईश्वर, जमना ईश्वर. पावलं वाजली तशी मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. माझं काम एवढंच. पुढे तिने मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती तुमचीच मुलगी आहे, विचारल्याने सांगत नाही.

ता. क. तिसरी, आणि पत्र खरं तर ह्याच्यासाठी. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मेघाला घेऊन मी सकाळच्या गाडीने धुळ्याला येते आहे. ओट्यावर घागर आणून ठेवा, मडकं ठेवा, बाजारात डांगर असेलच. आखाजी होऊन गेली म्हणून पंचांग काढून बसू नका. तहान पंचांग बघून लागत नाही. तिला काही विचारायचं नाही, समजावायचं नाही. पहिलं पाणी तुम्ही घालायचं, नाव घेऊन, आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. मग ती घालेल.

तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर फोन करू नका. पत्र लिहा. हे तुम्हाला शनिवारी मिळेल. त्याच दिवशी उत्तर टाकलंत, तर ते आम्हाला मंगळवारी मिळेल.